एका टॉर्पेडोने अख्खी युद्धनौका दोन मिनिटांत कशी बुडते?

वसईकर_सायकलवाला
गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन दीवला गेलो होतो. तिथे समुद्राकडे तोंड केलेल्या टेकडीवर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. आम्ही पाच मिनिटांत फोटो काढून खाली उतरलो, पण बाबा वरच थांबले. १९७१ च्या डिसेंबरात ते चौदा वर्षांचे होते. घराच्या काचांना तपकिरी कागद चिकटवलेले, रात्री दिवे बंद, आणि रेडिओवर खुकरी बुडाल्याची बातमी. ते सगळं त्यांना अजून जसंच्या तसं आठवतं. परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारलं, "एवढं मोठं जहाज, तोफा, दीडदोनशे माणसं, आणि एका टॉर्पेडोने दोन मिनिटांत कसं जाईल?" मला उत्तर देता आलं नाही. मी घरी येऊन वाचायला बसलो तर 'हेवीवेट टॉर्पेडो' हा शब्द सारखा येतो. हेवीवेट म्हणजे नक्की काय? आज आपल्या कुठल्या नौकांवर तो असतो? बाबांना समजेल अशा भाषेत कोणी सांगेल का?

धूमकेतू_नाशिक
सोपं आहे. टॉर्पेडोचे मुख्य दोन प्रकार. हलका ३२४ मिलिमीटर व्यासाचा, तो हेलिकॉप्टरमधून, विमानातून किंवा जहाजावरच्या छोट्या नळ्यांमधून टाकतात आणि तो पाणबुडी बुडवायला वापरतात. जड म्हणजे ५३३ मिलिमीटरचा, म्हणजे जुने २१ इंच. तो पाणबुडीतून सुटतो, काही मोठ्या जहाजांवरूनही सुटतो. हलक्यात साधारण ४०-५० किलो स्फोटक, जड्यात २५०-३०० किलो. पाण्याखाली मोठं भोक पडतं, पाणी शिरतं, जहाज बुडतं. बाकी आपल्या नव्या स्कॉर्पीन पाणबुड्यांकडे टॉर्पेडोच नाहीत असं मी वाचलंय, ते खरं असेल तर फार वाईट.

सर्जेकोटचा_आबा
वसईकर, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी नौदलात टॉर्पेडो विभागात होतो, त्यातली बरीच वर्षं रशियन बनावटीच्या फॉक्सट्रॉट जातीच्या पाणबुडीवर आणि उरलेली किनाऱ्यावरच्या टॉर्पेडो वर्कशॉपमध्ये काढली. १९७४ साली भरती झालो, म्हणजे खुकरी गेली त्यानंतर तीन वर्षांनी. आम्हाला शिकवणाऱ्यांत खुकरीवरच्या माणसांना ओळखणारे लोक होते. वर्गात तिचं नाव निघालं की शिकवणारा थोडा वेळ बोलायचा थांबायचा.

धूमकेतूंनी मापं बरोबर दिली आहेत. पण भोक पडतं आणि पाणी शिरतं, ही जुन्या टॉर्पेडोची गोष्ट झाली. आजचा जड टॉर्पेडो सहसा जहाजाला धडकायला जातच नाही. तो जहाजाच्या पोटाखाली जातो. वरच्या लोखंडाची चाहूल त्याच्या फ्यूजला, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेला, लागते आणि तो तळापासून काही मीटर खाली फुटतो.

आता हे बाबांना असं सांगा. माझा बापूस रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचा आणि आमच्या गावात होड्या, गलबतं बांधायचे. गलबत बांधताना पहिल्यांदा तळाचं लांब लाकूड घालतात, त्याला पठाण म्हणतात. सगळं गलबत त्या पठाणावर उभं. लोखंडी जहाजालाही असाच कणा असतो आणि पाणी त्याला सगळीकडून सारखं उचलून धरतं, म्हणून हजारो टनांचं जहाज मोडत नाही. २५०-३०० किलो स्फोटक खाली फुटलं की वायूचा प्रचंड बुडबुडा तयार होतो. तो फुगताना जहाजाचा मधला भाग वर उचलतो, आणि नाळ म्हणजे पुढचं टोक व मागची बाजू अधांतरी लोंबतात. दुसऱ्याच क्षणी बुडबुडा आकसतो, मधल्या भागाखालचा आधार जातो आणि मधला भाग खाली बसतो. आधी वर वाकवलं, मग खाली. आपण ऊस गुडघ्यावर घेऊन मोडतो तसा कणा मोडतो. शिवाय आकसलेला बुडबुडा परत उसळतो आणि पाण्याचा लोट तळातून वर घुसतो. भोक बुजवता येतं, कप्प्यांची दारं लावून पाणी अडवता येतं, पण मोडलेल्या कण्यावर जहाजावरच्या कोणाकडेही इलाज नाही.

ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने १४ जून १९९९ रोजी टॉरेन्स नावाचं आपलं जुनं जहाज मुद्दाम लक्ष्य म्हणून ठेवलं. फार्नकॉम्ब पाणबुडीने त्यावर एक मार्क ४८ टॉर्पेडो सोडला. त्याची चित्रफीत सहज मिळते. बाबांना ती दाखवा. जहाज मधोमध उचललं जातं आणि दोन तुकडे होतात, एवढं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. २६ मार्च २०१० रोजी दक्षिण कोरियाचं चोनान हे युद्धजहाज असंच पोटाखालच्या स्फोटाने दुभंगलं. ४६ खलाशी गेले.

खुकरीचं थोडं वेगळं होतं, आणि तिच्याबद्दल मला नीट बोलायचं आहे. ती ब्रिटिश बनावटीची ब्लॅकवूड वर्गाची फ्रिगेट, जेमतेम १२०० टनांची. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्या शोधायला भरपूर नौका कमी खर्चात हव्या होत्या, म्हणून मागे एकच पंखा (प्रॉपेलर) असलेल्या, हलक्या बांध्याच्या या नौका इंग्लंडने काढल्या. ९ डिसेंबर १९७१ ला खुकरी आणि कृपाण दीवच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून चाळीसेक सागरी मैलांवर, पाणबुडीच्या शोधात होत्या. ती पाणबुडी म्हणजे पाकिस्तानची हंगोर, फ्रेंच डाफ्ने वर्गाची, टॉर्पेडो सोडायच्या बारा ट्यूब म्हणजे नळ्या असलेली. तिने पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला, तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला. रात्रीचे पावणेनऊ-नऊचे सुमार, बरेचसे लोक खालच्या मजल्यांवर. दोन मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या मजल्यावरून, हलले नाहीत, माणसांना बाहेर पडायला सांगत राहिले आणि जहाजाबरोबर गेले. त्यांना महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी कच्छल या नौकेने पाण्यातून उचलले ते ६७ जण.

हे मी का लिहितोय, तर एक टॉर्पेडो फुटला नाही आणि एक फुटला. कृपाणवरची माणसं घरी गेली, खुकरीवरची नाही. आम्ही वर्कशॉपमध्ये आयुष्यभर जे काम केलं ते नेमकं एवढ्यासाठी होतं.

वसईकर_सायकलवाला
आबा, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. उसाचं त्यांना लगेच पटलं, आजोळी वसईच्या वाडीत त्यांनी भरपूर ऊस मोडलाय. आता त्यांचा पुढचा प्रश्न: खुकरी पाणबुडीच शोधत होती, तिच्याकडे सोनार म्हणजे पाण्याखाली आवाजाने शोध घेणारं यंत्र होतं, मग पाणबुडीने तिला आधी कसं पकडलं? आणि टॉर्पेडो फुटत नाही म्हणजे काय? एवढी महाग वस्तू न फुटता जाते?

सर्जेकोटचा_आबा
दोन्ही प्रश्न बरोबर आहेत.

आधी ऐकण्याचं. जहाज आवाज करत चालतं, पाणबुडी बॅटरीवर शांत असते. जहाजाचा पंखा, पंप, यंत्रं पाण्यात फार लांबून ऐकू येतात. याउलट जहाजाचं सोनार 'पिंग' पाठवून प्रतिध्वनी ऐकतं, म्हणजे आवाजाला जायचं आणि यायचं असे दोन प्रवास. पाणबुडीला येणारा एकच पुरतो, म्हणून तिला जहाज आधी सापडतं. त्यात आपला अरबी समुद्र. वरचं पाणी उन्हाने तापलेलं, खाली गार, आणि या थरांच्या सीमेवर आवाज वाकतो. थराखाली बसलेली पाणबुडी वरच्या जहाजाच्या सोनारला दिसतच नाही असे दिवस असतात. रापणीवाल्यांना पाण्याचा हा थर अंगाने माहीत असतो, पाय खाली सोडला की गार लागतो. त्या काळच्या सोनारचा पल्लाही कमी होता.

आता न फुटण्याचं. टॉर्पेडो म्हणजे नुसता बॉम्ब नव्हे. सहा मीटरच्या आसपास लांब, दीड टन वजनाची छोटी पाणबुडीच आहे ती. पुढे कान म्हणजे सीकर, त्यामागे स्फोटक, मग बॅटरी किंवा इंधन, मग मोटर, मागे सुकाणू आणि पंखे. पंखे बहुतेकदा दोन असतात आणि उलटसुलट फिरतात. एकच असता तर टॉर्पेडो स्वतःभोवती गरगरला असता. ४० नॉट म्हणजे मिनिटाला सव्वा किलोमीटरच्या वेगाने हे सगळं खाऱ्या पाण्यात, दाबाखाली, एकदाच आणि बिनचूक चालायला हवं.

अमेरिकेसारख्या देशाचा मार्क १४ टॉर्पेडो दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ दोन वर्षं दगा देत राहिला. पाणबुडीचे कप्तान सांगत होते की नेम बरोबर आहे, टॉर्पेडो खोलवरून जातोय. बनवणारे म्हणत होते, नेम चुकतोय. शेवटी जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात कोळ्यांचं जाळं पाण्यात उभं लावलं आणि त्यातून टॉर्पेडो सोडले. १० फुटांवर लावलेला टॉर्पेडो २५ फुटांवर जाळं फाडून गेलेला दिसला. जाळ्याने खरं सांगितलं. ते दुरुस्त केलं तर चुंबकी फ्यूज दगा देऊ लागला, तो बंद केला तर धडकेचा. जहाजाला नेमका काटकोनात, अगदी उत्तम लागला तर आतली पिन दबून अडकायची आणि स्फोट व्हायचा नाही. तिरका लागला तर फुटायचा! टिनोसा पाणबुडीने जुलै १९४३ मध्ये एका थांबलेल्या जपानी तेलवाहू जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले, ते आदळत राहिले आणि फुटले नाहीत. तिच्या कप्तानाने शेवटचा एक टॉर्पेडो मुद्दाम न सोडता तपासायला परत आणला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. त्या घटकेला राग येऊन तोही सोडून देणं सोपं होतं.

१९८२ च्या फॉकलंड युद्धातही हेच दिसतं. ब्रिटिशांच्या काँकरर पाणबुडीकडे नवा, तारेवर चालणारा टायगरफिश होता. कप्तानाने अर्जेंटिनाच्या जनरल बेलग्रानो या युद्धनौकेवर सोडले ते मात्र मार्क ८, त्याची मूळ रचना १९२० च्या दशकातली. तीन सोडले, दोन लागले, ३२३ माणसं गेली. नव्यावर विश्वास नव्हता, जुना सरळ जातो हे ठाऊक होतं. त्याच युद्धात अर्जेंटिनाची सान लुईस, जर्मन २०९ जातीची चांगली पाणबुडी, ब्रिटिश ताफ्याच्या जवळ पोचली होती. नेम धरणारा संगणक बिघडलेला, टॉर्पेडोची तार तुटली, एकही लागला नाही. पाणबुडी तीच, माणसं शूर, पण टॉर्पेडो चालला नाही तर ती पाणबुडी रिकामी.

म्हणून सरावाचे टॉर्पेडो सोडत राहावं लागतं. स्फोटकाच्या जागी सरावाचं डोकं बसवतात, केशरी-लाल रंगाचं. धाव संपली की त्यातलं वजन सुटतं, टॉर्पेडो वर येऊन उभा तरंगतो. मग बोट जाऊन त्याला उचलते. किनाऱ्यावर आणला की लगेच गोड्या पाण्याने धुवायचा, उघडायचा, प्रत्येक भाग पुसून, तपासून, परत भरायचा. माझ्या हातून एकदा असं झालं. सरावाचा टॉर्पेडो अर्ध्या वाटेत वळून भलतीकडे गेला. वर आला तोही बेताचाच, नुसतं टोक पाण्याबाहेर. संध्याकाळ होत आली होती, बोटीवरच्या एका पोराला तो दिसला म्हणून मिळाला. वर्कशॉपमध्ये उघडला तर शेपटीच्या भागात पाणी. जोडावरची रबरी कडी काढली, तिच्यावर पुसायच्या कापसाचा एक धागा आडवा बसलेला होता. एवढ्याशा धाग्याने समुद्र आत घेतला होता. ती कडी मी बसवली होती. साहेबांनी एक शब्द बोलला नाही, तो धागा कागदात घडी घालून माझ्या हातात दिला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक कडी डोळ्यांनी पाहून झाल्यावर पुन्हा उघड्या बोटाने फिरवून पाहायचो.

डॉकयार्ड_रोड
आबांना सलाम. मी माझगाव गोदीत फिटर होतो, शाल्की-शंकुल या जुन्या पाणबुड्यांपासून थेट स्कॉर्पीनपर्यंत. धूमकेतूंनी वर जे लिहिलं ते अर्धवट आहे, म्हणून लिहितो.

कलवरी वर्गाच्या, म्हणजे त्याच स्कॉर्पीन, सहाही पाणबुड्या आमच्या गोदीत झाल्या. कलवरी डिसेंबर २०१७ ला नौदलात गेली, मग खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि शेवटची वागशीर १५ जानेवारी २०२५ ला. खांदेरी हे थळ-अलिबागसमोरच्या महाराजांच्या जलदुर्गाचं नाव, ते पाणबुडीवर रंगवलेलं पाहिलं तेव्हा आमच्यातले बरेच जण डोळे पुसत होते. प्रत्येकीला सहा ट्यूब आहेत, ५३३ मिलिमीटरच्या. तिच्यासाठी ठरलेले ब्लॅक शार्क टॉर्पेडो, एकूण ९८, पुरवठादाराच्या मूळ उद्योगसमूहाच्या दुसऱ्याच एका प्रकरणामुळे आले नाहीत. पण पाणबुड्या रिकाम्या नाहीत. जुन्या शिशुमार वर्गाच्या पाणबुड्यांकडचे जर्मन एसयूटी टॉर्पेडो त्यांच्यावर बसवले. जुने आहेत, पण आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये डीआरडीओच्या विजेवर चालणाऱ्या जड टॉर्पेडोला या पाणबुड्यांत बसवण्यासाठी ८७७ कोटींचा करार झाला आणि डिसेंबर २०२५ अखेरीस इटलीच्या कंपनीशी ४८ टॉर्पेडोंचा, १,८९६ कोटींचा. ते २०२८ पासून यायला लागतील. पहिली पाणबुडी २०१७ ची आणि तिचा खरा टॉर्पेडो २०२८ चा, याचं आम्हा बांधणाऱ्यांना मनापासून दुःख आहे.

ट्यूबचं काम काय असतं ते एका वाक्यात सांगतो: पाणबुडीच्या मजबूत कवचाला मुद्दाम सहा भोकं पाडायची आणि तरी ती खोल पाण्यात एक थेंब आत येऊ न देता टिकवायची. प्रत्येक ट्यूबला आतलं आणि बाहेरचं अशी दोन दारं, आणि दोन्ही एकदम उघडणारच नाहीत अशी अटकाव-रचना. वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे निघायचे. नापास झाला की सांधा कापून परत.

धूमकेतू_नाशिक
चूक सुधारल्याबद्दल आभार. ४८ ला १,८९६ कोटी म्हणजे सोबतच्या सामग्रीसकट एकेकाला साडेएकोणचाळीस कोटी! म्हणजे आबा सांगतात तसं सरावाचा टॉर्पेडो शोधून परत आणणं किती गरजेचं असेल. आणि तारेवर चालतो म्हणजे काय? दहावीस किलोमीटर तार तुटत कशी नाही?

सर्जेकोटचा_आबा
पतंगाची फिरकी आठवा. पतंग मांजा ओढत नेतो म्हणून मांज्यावर ताण. इथे फिरक्या दोन, एक पाणबुडीत आणि एक टॉर्पेडोच्या पोटात. टॉर्पेडो पुढे जाताना स्वतःमागे तार सोडत जातो, पाणबुडी आपल्या बाजूने सोडते, आणि मधली तार पाण्यात आहे तिथेच पडून राहते. ओढ नाही, म्हणून टिकते. पूर्वी तांब्याची बारीक तार असे, आता काचतंतूही असतो. त्या तारेवरून पाणबुडीतला माणूस टॉर्पेडोला वळवतो, आणि टॉर्पेडोचे कान काय ऐकतात तेही त्याला कळतं. शेवटच्या टप्प्यात टॉर्पेडो स्वतःच्या कानांवर जातो. पण एक अडचण असते. तार चालू आहे तोवर त्या ट्यूबचं बाहेरचं दार लावता येत नाही, म्हणजे ट्यूब परत भरता येत नाही. आणि पाणबुडीला जोरात वळून पळायचं झालं तर तार तोडावी लागते. आपला जीव की आपला नेम, हे कप्तानाला त्या वेळी ठरवावं लागतं.

टॉर्पेडो बाहेर कसा पडतो तेही पाणबुडीप्रमाणे बदलतं. आमच्या फॉक्सट्रॉटमध्ये दाबाखालच्या हवेने ढकलायचो. २०९ जातीत तो स्वतःच्या पंख्यावर पोहत निघतो, आवाज कमी. दीड टन वजन नाळेतून एकदम गेलं की पाणबुडीचं नाक वर उचलतं, म्हणून त्याच क्षणी तेवढं पाणी आत घ्यावं लागतं. उशीर झाला तर पाणबुडी वर येऊन उघडी पडेल.

वसईकर, जहाजांचं राहिलं. दिल्ली वर्गाच्या युद्धनौकांवर पाच ट्यूबचा संच आहे, कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर आणि कामोर्ता वर्गावर जुळ्या ट्यूब. त्यांच्यासाठी आपलं वरुणास्त्र, विशाखापट्टणमच्या एनएसटीएल प्रयोगशाळेने रचलेलं आणि भारत डायनॅमिक्सने बनवलेलं. दीड टन, २५० किलो स्फोटक, ४० नॉट, विजेवर. २०१६ च्या जूनमध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ते नौदलाच्या हाती दिलं. जून २०२३ मध्ये खरं स्फोटक भरून पाण्याखालच्या लक्ष्यावर मारलं, तेव्हा मी घरी सर्जेकोटला टीव्हीसमोर होतो. बायकोला हाक मारून दाखवलं. खऱ्या स्फोटकाने मारून बघणं फार कमी वेळा होतं, आणि तेच महत्त्वाचं असतं.

वसईकर_सायकलवाला
बाबा म्हणतात, आबांना विचार, ही ट्यूब प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल का? मुंबईत?

सर्जेकोटचा_आबा
विशाखापट्टणमला न्या. रामकृष्ण बीचवर कुरसुरा पाणबुडी वाळूवर उभी करून ठेवली आहे, २००२ पासून संग्रहालय आहे. १९६९ ची फॉक्सट्रॉट, आमच्याच जातीची. पुढच्या कप्प्यात सहा ट्यूबची दारं आणि बाजूला टॉर्पेडो ठेवायच्या जागा दिसतील. आमची झोपायची फळी त्याच्याच शेजारी असायची, हात लांब केला की टॉर्पेडोला लागायचा. तिथे माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. बाबांना म्हणावं, त्यांना ट्यूबच्या दाराची चाकं आणि इंटरलॉक, म्हणजे दोन्ही दारं एकदम उघडू न देणारी ती अटकाव-रचना, दाखवायला सांगा, आणि त्यांचं ऐकून घ्या, ते घाई करत नाहीत. कप्प्यांमधले दरवाजे गोल आणि ठेंगणे आहेत, गुडघे दुखत असतील तर गर्दी नसताना जा. आधी पाय, मग कंबर, मग डोकं, असं उतरा. आम्हालाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.